शेवळाची खाज, गुळवेलीचा काढा आणि भगताची सोबत

पावसाळ्याच्या तोंडावर या सदराकडे येणारी पत्रं साधारण दोन जातीची असतात. ‘आजी करायची तसं केलं, तरी बिघडलं’ ही एक. ‘गावात म्हणतात घ्या, डॉक्टर म्हणतात टाका’ ही दुसरी. या वेळी दोन्हींतली सहा पत्रं घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

सासूबाईंच्या वहीत बघून वालाचं बिरडं घालून शेवळं केली. काकडं (काकड झाडाची आंबट फळं) मिळाली नाहीत म्हणून दोन टोमॅटो घातले. घरात सगळ्यांचाच घसा खाजला. चूक कुठे झाली? (डोंबिवली)

टोमॅटोत. आणि बहुधा साफ करण्यातही.

शेवळ म्हणजे सुरणाच्या भाऊबंदांपैकी एका कंदाचं फुलोऱ्याचं बोंड. या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, जुडी बांधल्यासारख्या. चावलं की त्या सुटतात आणि जिभेत, घशात रुततात. सुयांबरोबर झोंबणारी प्रथिनंही असतात, म्हणून नुसतं टोचून थांबत नाही, आग होते. प्रथिनं उष्णतेनं निकामी होतात. सुया पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे रात्रभर भिजत घालून काही साधत नाही. चांगल्या आंबट पाण्यात मात्र त्या काही प्रमाणात विरघळतात. ठाणे-पालघरच्या बाजारात शेवळाच्या जुडीशेजारी काकडं मांडलेली असतात ती यासाठीच. टोमॅटोचा आंबटपणा या कामाला अगदीच तोकडा.

साफ करताना हातांना तेल लावा. बाहेरचं जांभळट-तपकिरी जून आवरण सोलून टाका. आतल्या दांड्याच्या बुडाशी पिवळसर, बारीक मणी चिकटवल्यासारखा पट्टा दिसेल. ती खरी फुलं. हा पट्टा पूर्ण कापून फेका, खाज सर्वांत जास्त तिथे असते. वहीत ‘पिवळं काढणे’ एवढंच लिहिलेलं असेल तर हेच ते पिवळं. उरलेलं बारीक चिरा.

दोन जुड्यांना, म्हणजे साधारण २० शेवळांना, १० ते १२ काकडं लागतात. ती ठेचून बिया काढा, दोन वाट्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि पाणी गाळून घ्या. शेवळं तेलावर पाच-सात मिनिटं परतून मग हे पाणी घाला आणि मंद आचेवर अर्धा तास शिजवा. वाल, कोलंबी, खिमा जे घालायचं ते नंतर. काकडं नसतील तर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ चालतो, पण तो शेवळांबरोबर शिजला पाहिजे. कुकरमध्ये शेवळं उकडून शेवटी वरून चिंच घालणं ही हल्ली नेहमी होणारी चूक. लवकर शिजावं म्हणून चिमूटभर सोडा घालणं त्याहून वाईट, कारण सोडा आंबटपणाच मारतो.

वाढण्याआधी अर्धा चमचा भाजी जिभेच्या शेंड्यावर ठेवून दोन-तीन मिनिटं थांबा. चुरचुरलं तर आणखी आंबट घाला आणि पुन्हा शिजवा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी टाळावी. घसा खाजलाच तर थंड दही खा; जीभ किंवा ओठ सुजू लागले, गिळायला किंवा श्वासाला अडचण झाली तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका.

शेवळं स्वतः खुडत असाल तर आणखी एक. बोंड जमिनीलगत कापा, उपटू नका. कंद राहिला तर नंतर पान येतं आणि ते पान पुढच्या वर्षीचा कंद पोसतं. चारातलं एक बोंड तरी उमलायला सोडा. उमललेल्याला कुजका वास येतो, त्यावर किडे येतात, बी धरतं. ते तसंही खाण्याच्या लायकीचं नसतं.

कोरोनापासून आमच्या घरी रोज सकाळी सगळेच गुळवेलीचा काढा घेतो. वेल कुंपणावरचीच आहे. आता कोणी म्हणतं यकृताला वाईट. खरं काय? (सातारा)

दोन वेगळे प्रश्न आहेत: वेल गुळवेलच आहे का, आणि रोज का?

पहिला आधी. गुळवेलीच्या खोडावर कागदासारखा पातळ तपकिरी पापुद्रा असतो. नखानं खरवडला की खाली हिरवं दिसतं. आडवा काप घेतला की चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात, पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत. फळं वाटाण्याएवढी, गोल, लाल, घोसानं. हिची एक बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर चामखिळीसारखे गाठी-फोड असतात, चीक दुधाळ असतो आणि फळ लांबट, नारिंगी. ही वेल गुळवेल म्हणून वापरू नका, ती यकृताला बाधते. आयुष मंत्रालयानं दोघींतले फरक सांगणारी सूचना काढलेली आहे. खोडावरून हात फिरवा. खरखरीत गाठी लागल्या तर ती वेल काढ्याची नाही.

आता दुसरा. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांतल्या काविळीची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या काहींना आधीपासून थायरॉइड किंवा मधुमेहासारखे आजार होते. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते. ज्यांच्या शरीरात हीच शक्ती स्वतःच्या अवयवांवर उलटण्याची प्रवृत्ती असते, त्यांना ती चेतवणं महागात पडतं. यावर वाद झाले, आयुर्वेदाच्या बाजूनं आक्षेपही आले. पण वैद्यांचं मूळ म्हणणं वाचलं तर भांडणाचं फारसं कारण उरत नाही. गुळवेल हे औषध आहे. ते माणूस बघून, ठरलेल्या दिवसांसाठी द्यायचं असतं, साधारण २० ते ३० ग्रॅम ओल्या खोडाचा काढा. घरातल्या पाच जणांनी एकाच पातेल्यातून वर्षानुवर्षं घ्यावा असं जुन्या वैद्यकात कुठेच नाही. ही सवय परंपरेतली नाही, व्हॉट्सॲपवरची आहे.

तेव्हा रोजचा काढा थांबवा. संधिवात, थायरॉइड, सोरायसिस, यकृताचा कोणताही आजार, गर्भारपण यांत वैद्य आणि डॉक्टर दोघांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर अचानक उतरू शकते. काढा घेणाऱ्या कोणाला भूक मंदावणं, अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे असं काही दिसलं तर लगेच यकृताची रक्ततपासणी करा आणि डॉक्टरांना काढ्याचं आवर्जून सांगा. ‘ते काय, घरगुतीच आहे’ म्हणून लोक नेमकं तेच सांगत नाहीत.

नदीकाठचे अर्जुनसादडे एकेक करून वाळताहेत. साल काढणारे सांगतात, आम्ही तर पूर्वीपासून काढतोय. मग आताच का वाळतात? (गडचिरोली)

झाडाच्या खोडात दोन वाटा असतात. आतल्या लाकडातून पाणी वर चढतं आणि सालीच्या आतल्या थरातून पानांनी केलेलं अन्न मुळांकडे उतरतं. खोडाभोवती सालीचं पूर्ण कडं काढलं की ही खाली उतरणारी वाट तुटते. पाणी वर जातच राहतं, त्यामुळे झाड पुढचा एखादा हंगाम हिरवंच दिसतं. मुळं आतून उपाशी मरतात. झाड वाळतं तोवर साल काढणारा पुढच्या गावी गेलेला असतो, आणि दोष येतो पावसावर किंवा किडीवर.

पूर्वीचा वैदू आदल्या दिवशी झाडाला आमंत्रण द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उगवतीच्या बाजूची तळहाताएवढी साल घ्यायचा. श्रद्धा बाजूला ठेवा आणि फक्त माप बघा: एकच बाजू, तीन बाजू शाबूत. मागणी एका रोग्याची होती तोवर हे माप आपोआप पाळलं गेलं. मागणी पोत्यावर गेली आणि माप सुटलं.

ग्रामसभेच्या ताब्यात वन असेल तर हे नियम लिहून घ्या. छातीच्या उंचीवर ६० सेंटिमीटरपेक्षा कमी घेर असलेल्या झाडाला हात लावायचा नाही. खोडाचे चार उभे भाग कल्पा आणि एका वेळी समोरासमोरच्या दोन भागांतून उभी पट्टी घ्या, दोन्ही पट्ट्या मिळून घेराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको. १०० सेंटिमीटर घेर असेल तर १२-१२ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या. उरलेले दोन भाग निदान दोन वर्षांनी, आणि तेही आधीची जखम भरलेली दिसली तरच.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खोली. बाहेरचा आणि मधला थर घ्यायचा, लाकडाला चिकटलेला ओलसर आतला थर ठेवायचा. नवी साल तिथूनच धरते. कोयत्याचा घाव थेट लाकडात जातो, म्हणून कोयत्यानं फक्त कडा आखा आणि साल बोथट सुरीनं किंवा लाकडी पाचरीनं उचला. पांढरं, कोरडं लाकूड दिसलं तर खोल गेलात. भर पावसात साल काढू नका. जखमेत बुरशी शिरते आणि काढलेली सालही वाळत नाही. बुरशी धरलेली साल औषध राहत नाही, व्यापारीही तिचा भाव पाडतो. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट फासू नका.

पावसाळ्यात पाड्यावरच्या विहिरीचं पाणी चहासारखं होतं. शेवग्याच्या बियांनी ते स्वच्छ होतं असं ऐकलं. किती घालायच्या? मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची गरज उरते का? (जव्हार)

गरज उरते. उलट बियांमुळे टीसीएल नीट काम करते, तेव्हा दोन्ही हवं.

शेंगा झाडावरच वाळून तपकिरी झालेल्या घ्या. हिरव्या शेंगेतली बी चालत नाही. टरफल आणि पंख काढून आतला पांढरा गर घ्या, काळपट पडलेला टाका. १५ लिटरच्या हंड्याला, पाणी मध्यम गढूळ असेल तर सात-आठ बिया, म्हणजे दोन लिटरला एक. चहासारखं असेल तर लिटरला एक, म्हणजे पंधरा. बिया कुटून वस्त्रगाळ करा, वाटीभर स्वच्छ पाण्यात कालवा, पाच मिनिटं हलवा आणि फडक्यातून गाळून ते पांढरं पाणी हंड्यात ओता. पहिली एक-दोन मिनिटं जोरात ढवळा, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी सावकाश. ही सावकाश ढवळणी लोक कंटाळून सोडतात आणि मग ‘बियांनी काही होत नाही’ म्हणतात. बियांतलं प्रथिन धन भाराचं असतं, मातीचे कण ऋण भाराचे. ते एकमेकांना चिकटून गोळे वाढायला वेळ लागतो, आणि जोरात ढवळत राहिलात तर झालेले गोळेही फुटतात. मग दीड-दोन तास हंडा हलवू नका आणि वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढा.

गाळाबरोबर बरेचसे जंतूही खाली बसतात, पण सगळे नाही. आणि बियांतला सेंद्रिय अंश पाण्यात राहतो. ते पाणी तसंच ठेवलं तर उरलेले जंतू त्यावरच पोसले जातात. म्हणून निवळलेलं पाणी त्याच दिवशी खळखळ उकळा, नाहीतर मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं द्रावण घाला, बाटलीवरचं प्रमाण बघून. अर्ध्या तासानं प्या. गढूळ पाण्यात थेट क्लोरीन घातलं तर मातीतला सेंद्रिय भागच ते खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. दर वेळी टीसीएल टाकूनही ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची चाचणी) रंग येत नसेल तर पावडर जुनी असणं हे एक कारण आणि गढूळपणा हे दुसरं. जलसुरक्षकाला दोन्ही तपासायला सांगा. कुटलेली पूड साठवू नका, रोज ताजी करा. शेवग्याचं मूळ किंवा साल यासाठी वापरू नका, त्यात विषारी अंश असतो.

हीच युक्ती निवळीच्या बीची आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात वस्तूंत ती ‘कतक’ नावानं येते. सहाणेवर उगाळून पाण्यात घालतात. कतकाचं नुसतं नाव घेतल्यानं पाणी निवळत नाही असं जुनं वचनही आहे. पाणीपुरवठ्याच्या बैठकांत ते फळ्यावर लिहून ठेवायला हरकत नाही.

आमच्या भागात साप चावला की आधी भगताकडे नेतात. तो माणूस वाईट नाही, पण त्यात दोन-तीन तास जातात. लोकांना कसं समजवायचं? (एक आशा कार्यकर्ती, नाशिक जिल्हा)

लोकांना नंतर. आधी भगताला भेटा, आणि भांडायला नको.

त्याच्याकडे नेलेले बरेच जण खरंच वाचतात, कारण चावणारे बहुतेक साप बिनविषारीच असतात, आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असं नाही. हे त्याला पाडून बोलून पटणार नाही. पण अनुभवी भगताला नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या दंशानंतर रोगी कसा ढासळतो ते माहीत असतं आणि आपल्या हातून गेलेले रोगीही आठवतात. ‘हे चार तुमचे नाहीत, दवाखान्याचे’ एवढा करार त्याच्याशी होऊ शकतो. अंगारा लावायचा तर तो गाडीत लावावा आणि रोग्याबरोबर दवाखान्यात यावं. त्याच्या शब्दावर रोगी शांत पडून राहतो. हे मोठं काम आहे, कारण हालचालीनं विष लवकर पसरतं.

त्यानं आणि घरच्यांनी करायचं ते असं. बांगड्या, जोडवी, अंगठी, करगोटा काढा. चावलेला हात किंवा पाय काठी-फळीला सैल बांधून हलू देऊ नका. रोग्याला चालवू नका. दोरीनं आवळणं, चिरणं, चोखणं, कोंबडी लावणं बंद. घोणसाच्या विषानं रक्त गोठत नाही, तिथे चीर दिली तर ती वाहतच राहते. १०८ ला फोन करतानाच कोणत्या दवाखान्यात लस, म्हणजे सर्पविषप्रतिबंधक इंजेक्शन, शिल्लक आहे ते विचारा. साप मारून आणण्याची गरज नाही, लांबून फोटो मिळाला तर पुरे.

कडुनिंबाचा पाला किंवा मिरची चावायला देऊन ‘कडू लागतं का, तिखट लागतं का’ विचारायची चाचणी सोडून द्यायला सांगा. त्यापेक्षा पक्की चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात बिनखर्चात होते. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरकं करायचं. रक्त वाहिलं तर घोणस किंवा फुरसं. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणानं धुतलेली असेल तर निकाल चुकतो. ही बारीकसारीक गोष्ट कर्मचाऱ्यांनाही आठवण करून द्यावी लागते.

ही चाचणी मण्याराला लागू नाही. तो रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावतो. सूज नाही, वेदना नाही, कधी खूणही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात. पावसाळ्यात पहाटे पोटदुखीनं उठलेल्या माणसाच्या पापण्या बघायच्या, एवढं भगताला शिकवलंत तरी तुमची भेट सत्कारणी लागली. मुलांना लस मोठ्यांइतकीच लागते, कारण सापानं सोडलेलं विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी नसतं. ‘लहान आहे, अर्धी द्या’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

देवराईसाठी निधी आलाय. तरुण मंडळ म्हणतं पालापाचोळा साफ करू, पेव्हर ब्लॉक टाकू, शोभेची झाडं लावू. शिवाय लोकजैवविविधता नोंदवहीत वैदूंची औषधं लिहायची आहेत. (भोर)

पालापाचोळा झाडूच नका. तो पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि खालचा झरा उन्हाळ्यापर्यंत वाहतो तो त्याच्या जिवावर. पडलेलं लाकूड देवाचं, बाहेर न्यायचं नाही, हा जुना नियम तसाच ठेवा. वाळवी, बुरशी यांची घरं त्यात आहेत. गारंबीसारख्या जुन्या वेली ‘झाडाला गुदमरवतात’ म्हणून तोडल्या जातात, त्यांनाही हात लावू नका. पैसे खर्चायचेच असतील तर कडेनं दगडी गडगा घाला, प्लॅस्टिक उचला, देवळापर्यंत एकच मीटरभर रुंदीची कच्ची वाट ठेवा. रात्रभर जळणारे हॅलोजन नकोत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची नोंद केली; तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारून तेव्हा कोणती झाडं होती ती यादी करा. रोपं लावायची तर त्याच यादीतली, राईतल्याच बियांची, आणि मोकळ्या पडलेल्या कडेला, आत नाही.

नोंदवहीबद्दल सावध राहा. जैवविविधता कायदा २००२ चा, नोंदवही गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची. तिच्यात वनस्पतीचं स्थानिक नाव, कुठे किती उरली, कोणत्या महिन्यात फुलते-फळते, पूर्वीपेक्षा कमी झाली का, कोणता भाग काढतात, हे सविस्तर लिहा. संवर्धनाला हेच लागतं. वैदूचा पाठ, म्हणजे कशात काय किती मिसळायचं, तो स्वतःहून हो म्हणाला तरच. म्हणाला तरी तो भाग वेगळ्या कागदावर, त्याच्या सहीसह, ग्रामसभेच्या कपाटात ठेवा. नरक्याचं उदाहरण डोळ्यासमोर असू द्या. त्यात कर्करोगाच्या औषधांना लागणारं कॅम्प्टोथेसिन सापडलं आणि सह्याद्रीत गावोगावी ही झाडं मुळासकट तोडून ट्रकनं गेली. तोडणाऱ्यांना किलोमागे मजुरी मिळाली, तीही सरपणाच्या भावानं.